नारिंगी जाकीट

कट् कट् कट् कट्.

दुपारचं घर इतकं शांत होतं की आधी मला घड्याळच बिघडल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, आवाज बाल्कनीतून येतोय. झोपवलेली सई उठून वाळत घातलेल्या चादरींमागे शिरली होती आणि माझ्या सायकलचं पेडल हाताने उलटं फिरवत होती.

"सई, झोपली नाहीस?"

"मी समुद्रावर चाललेय," ती म्हणाली. "तू काम कर."

गुरुवारी माझं ऑफिस घरून असतं. सई झोपली की दोन ते तीन हा एक तास माझा. आज त्या तासात मी लॅपटॉप मिटून एका गोष्टीची कागदावर जुळवाजुळव करत होते. चार वाजता विजयश्रीताई निरोप घ्यायला येणार होत्या. नोकरी संपवून त्या कायमच्या लातूरला भावाकडे निघाल्या होत्या. आणि जे सांगायचं होतं ते गेल्या तीन वर्षांत मला तोंडाने सांगता आलं नव्हतं.

शनिवारी पहाटे वाकडच्या पुलाखाली आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप जमायचा. ताई मला तिथेच भेटल्या. चाकणच्या एका कंपनीत त्या क्वालिटी तपासायच्या कामावर होत्या. पार्ट असो की माणूस, गेज लावून मोजल्याशिवाय पास करत नाहीत, असं सगळे त्यांना चिडवायचे. सई आठ महिन्यांची असताना मी पुन्हा सायकलवर बसले. पहिल्याच चढाला धाप लागून थांबले, तेव्हा ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "वर कशाला बघायलीस? पुढचे दहा हात बघ. तेवढे झाले की पुढचे दहा."

त्यांचं एकच वेड होतं. दिवेआगरपासून रत्नागिरीपर्यंत, समुद्राला उजव्या हाताला ठेवून सायकलने जायचं. मोबाइलमध्ये नकाशा असूनही त्यांनी सगळा रस्ता एका चौकोनी कागदावर हाताने काढला होता. कुठे चढ, कुठे उतार, खाडी ओलांडायची बोट किती वाजता, कुठल्या गावात पाणी चांगलं मिळतं. उतारांच्या वळणांवर लाल टिंबं होती. तिथे जांभ्या दगडाची बारीक खडी असते, चाक घसरतं.

जानेवारीत आम्ही बाराजण निघालो. सई दीड वर्षाची होती. मी तिला सोडून पहिल्यांदाच एक रात्र बाहेर राहिले होते.

आमच्यात एक पद्धत होती. एकाने सगळ्यांच्या मागे राहायचं. जो दमेल, ज्याचं पंक्चर होईल, त्याच्याबरोबर थांबायचं, त्याला सोडून पुढे यायचं नाही. त्या माणसाला आम्ही झाडू म्हणायचो, कारण तो सगळ्यांना गोळा करत यायचा. झाडूच्या अंगात नारिंगी जाकीट असायचं. हिंजवडीजवळच्या माण गावचे दत्तोबा आमचे म्होरके. दर वेळी निघताना ते एकच सांगायचे, "नारिंगी दिसली म्हंजी समदे आले. दुसरं मोजायचं न्हाई."

त्या दिवशी नारिंगी माझ्या अंगात होती.

दिवेआगरच्या पुढचा, आरावीचा तो रस्ता मी विसरू शकत नाही. एका बाजूला डोंगर कापून काढलेला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला खाली खडकांवर आपटणारं पाणी. तोंडावर खारट वारा. दीड वर्षात पहिल्यांदा माझे दोन्ही हात फक्त माझे होते. हरिहरेश्वर मागे पडलं. पुढे बागमांडल्याला सावित्रीची खाडी बोटीने ओलांडायची होती. शेवटच्या चढावर ताईंच्या पोटरीत गोळा आला आणि त्या सायकल ढकलत चालायला लागल्या. मी शेजारून चालत होते. चढाच्या माथ्यावर रेंज आली आणि माझ्या नवऱ्याचा, अनिशचा फोन आला.

"सईला एकशे दोन ताप आहे. सारखी तुला हाक मारतेय."

ताईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "जा तू. पोर आधी. मी येते सावकाश. फक्त दत्तोबाला सांग, मी मागं आहे म्हणून."

मी निघाले. धक्क्यावर पोचले तेव्हा निम्मे लोक आधीच्या बोटीने पलीकडे गेले होते. दुसरी बोट सुटायच्या बेतात होती. दत्तोबांनी मला पाहिलं आणि हात वर केला. "आली नारिंगी! चला, सोडा राव!"

मी बोटीत चढले. सईला ताप आहे, पलीकडून मंडणगडची गाडी धरून मी घरी जाते, एवढंच म्हणाले. ताई मागे आहेत, हे म्हणाले नाही.

पलीकडे वेसवीला दत्तोबांनी माणसं मोजली तेव्हा मी गाडीत बसून निघून गेले होते. उताराच्या वळणावर, कागदावर लाल टिंब होतं तिथेच, ताईंची सायकल खडीवरून घसरली होती. तास-दीड तास त्या रस्त्याच्या कडेला एकट्या पडून होत्या. उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. हाड सांधलं, पण बोटं ब्रेकवर मिटेनात. त्या पुन्हा सायकलवर बसल्या नाहीत.

मी रात्री घरी पोचले. सई कुकरचं झाकण वाजवत बसली होती. दात येत होता.

ताईंनी सगळ्यांना सांगितलं, "मीच तिला जा म्हटलं." "दत्तोबाला सांग" या त्यांच्या दुसऱ्या वाक्याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत. ग्रुपमध्ये मला कुणी शब्दाने बोललं नाही. उलट, तान्ह्या पोराच्या आईचं काय चुकलं, असंच सगळे म्हणाले. सायकल मी बाल्कनीत उभी केली आणि तिच्यावर चादरी वाळत घालायला लागले.

चारला पाच मिनिटं कमी असताना ताई आल्या.

"कशाला चहा करायलीस? बस की," म्हणत त्यांनीच डाव्या हाताने कप घेतला. मग पर्समधून तो चौकोनी कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता. "दत्तोबा या जानेवारीत परत निघालेत. तुला विचारतील. नाही म्हणू नको. हा ठेव. माझा राहिलेला रस्ता तू बघून ये, आणि मला फोनवर सांग. पाणी कुठलं चांगलं ते पण सांग, मी नुसतं ऐकून लिहिलंय."

"ताई, मी नाही घेऊ शकत हा."

"का? अक्षर लागत नाही?" त्या हसल्या.

मी लिहिलेला कागद हातात होता. तो न वाचताच बोलले. "तुम्ही मला निरोप दिला होता. दत्तोबांना सांग म्हणून."

"अगं, विसरलीस. त्या वेळी तुझं चित्त थाऱ्यावर होतं का? कधीच सोडलं मी ते."

तिथेच थांबता आलं असतं. तीन वर्षं अनिशलाही मी तेच सांगत आले होते.

"विसरले नव्हते," मी म्हणाले. "सांगितलं असतं तर दत्तोबांनी बोट सोडू दिली नसती. पुढची तासाने होती. मला ती बोट सुटायला हवी होती, ताई. म्हणून मी बोलले नाही."

ताईंनी कप खाली ठेवला. माझ्याकडे न बघता त्यांनी बाल्कनीतल्या सायकलकडे पाहिलं.

"हे मला ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय तरी धरले असते. पदर सारखा करून त्या उठल्या. कागद टेबलावरच राहिला. तो ठेवला की राहून गेला, मला कळलं नाही. लिफ्टपर्यंत मी मागोमाग गेले. एरवी त्या "येते गं" म्हणायच्या. आज म्हणाल्या, "लेकीला सांभाळ." लिफ्टचं दार बंद झालं.

परत आले तर सई हॉलमध्ये उभी. सायकलच्या मागच्या पिशवीतून तिने नारिंगी जाकीट शोधून काढलं होतं. अंगात घातलेलं ते तिच्या पायांपर्यंत येत होतं.

"आई, हे कुणाचं?"

"जो सगळ्यात मागे राहतो ना, त्याचं."

"हरला म्हणून?"

"नाही गं. कुणी मागे राहू नये म्हणून तो थांबतो. नारिंगी आली की समजायचं, सगळे आले."

सईने जाकीट दोन्ही हातांनी वर धरलं, खोलीभर एक चक्कर मारली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. माझ्या मागे, उघड्या राहिलेल्या दाराकडे तिने डोकावून पाहिलं.

"मी आले," ती म्हणाली. "आई, मग सगळे आले?"