शिवेपलीकडून परत आलेली

हे चराचराच्या स्वामी, अंड्याच्या बंद कवचातही श्वास पोचविणाऱ्या नारायणा, तुला प्रथम वंदन. माझ्या चोचीला तू शब्द दिला नाहीस, हाक तेवढी दिलीस. आज त्या हाकेचेच शब्द करते. कोठे बोल कठोर झाला, तर तो तुझ्या विस्मरणाने नव्हे, संतापाने झाला असे समज आणि पदरात घे.

मी कोंबडी बोलतेय. मला माणसांनी ओवाळून टाकले होते. मी परत आले. का आले ते सांगण्याचा मला अधिकार आहे, आणि तो मी कोणाकडे मागत नाही.

भातकुली तालुक्यातल्या एका गावात, पार्बताबाईंच्या अंगणात माझा जन्म झाला. घर भाजीपाला पिकविणाऱ्यांचे. घरधनी वामनराव मळा राखतात. मुलगा योगेश पहाटेच वांगी-मेथीची पोती घेऊन अमरावतीला, राजापेठेकडे जातो. सून वर्षाली परतवाड्याची. अंगणात तुळशीवृंदावन, त्याच्यापलीकडे आमचे खुराडे. पहिले अंडे मी दिले, तेव्हा पार्बताबाईंनी ते कपाळाला लावले होते. "लक्षुमी हाय माही," असे त्या साऱ्या आळीला सांगत सुटल्या.

माणसांची ही रीत मी तेव्हाच ओळखायला हवी होती. जी देते ती लक्ष्मी. देणे थांबले की त्याच जिवाचे नाव बदलते.

यंदा पाऊस फार दिवस पडत राहिला. खुराड्यातला भुसा भिजला, कुजला. त्याच्यावरच आमची विष्ठा, आणि त्याच्यावरच सकाळचे ज्वारीचे दाणे. आम्ही वेचीत गेलो. दाण्यांबरोबर डोळ्यांना न दिसणारे आणखी काय पोटात जात होते, हे आम्हाला कोण सांगणार? मी पोटभर खात होते आणि दिवसेंदिवस वाळत होते. छातीचे हाड धारेसारखे वर आले. जास्वंदीसारखा तुरा फिका पडला. पंख जमिनीला लागले, अंडी थांबली. माझ्या ताटात पाहुणे जेवत होते, आणि यजमानीण उपाशी होती.

"नजर लागली माह्या कोंबळ्यायले," पार्बताबाई म्हणाल्या. "त्या दिवशी कोणीतरी दारात उभं राहून मोजून गेलं."

"आई, नजर नाई, जंत असतीन," वर्षाली म्हणाली. "आमच्या परतवाड्याले असंच झालं होतं. मी दवाखान्यातून औषध आणतो."

"कोंबळीले जंत? काय लेकरू हाय का ते?"

"लेकरापेक्षा जास्त खाते, मंग होतीनच ना," वामनराव हसले. "आण व बेटा. तुह्या सासूचा देव काही औषधावर रुसत नाई."

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातून औषध आले. रात्री पाणी द्यायचे नाही. सकाळी तहानेल्या पाखरांना औषधाचे पाणी ठेवायचे. दुसरे पाणी मिळू द्यायचे नाही. वर्षालीने तसेच केले. पसरट भांड्यात औषधाचे पाणी ठेवले आणि आम्हाला मोकळे सोडून ती मळ्यात गेली. चार दिवस गेले. आम्ही होतो तशाच राहिलो. पाचव्या दिवशी एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, मेली.

"पाह्यलं?" पार्बताबाई म्हणाल्या. "औषधानं गेलं का तुह्या? हे बाहेरचंच हाय."

वर्षालीची मान खाली गेली, आणि त्याबरोबर माझे मरणही ठरले.

आमच्याकडे उतारा काढतात. घरावर पीडा आली की एक जीव ओवाळायचा, त्याला हळदकुंकू लावायचे आणि गावशिवेपलीकडे सोडायचे. पीडा त्याच्यासंगे जाते म्हणे. सोडणाऱ्याने मागे वळून पाहायचे नाही, आणि तो जीव पुन्हा घरात घ्यायचा नाही. ओवाळायला मीच निवडले गेले, कारण सर्वांत रोडावलेली मीच होते.

वामनरावांनी मला शिवेपलीकडे बाभळीखाली ठेवले. "जाय माय," एवढेच म्हणाले आणि खाली मान घालून परतले. रीतीप्रमाणे त्यांनी मागे पाहिले नाही. पाहिले असते तर मी त्यांच्याच मागून चालत निघालेली त्यांना दिसले असते.

होय, मी निघाले. ज्या देवाला तुम्ही सर्वांभूती म्हणता, तो काय माझ्यापाशी येऊन थबकतो? शिवेच्या अलीकडे भगवंत आणि पलीकडे कुत्री, अशी वाटणी कोणी केली? धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, तुरीच्या ओळींतून, बसत-उठत मी चालले. प्रत्येक ठिकाणी वाटे की इथेच डोळे मिटावेत. आणि प्रत्येक ठिकाणी मी म्हणे, इथे नाही. मरायचेच तर माझ्या अंगणात मरेन, तुमच्या डोळ्यांसमोर मरेन.

मी अंगणात शिरले, तेव्हा पार्बताबाई तुळशीला पाणी घालून प्रदक्षिणा करीत होत्या. कपाळभर कुंकवाची मी समोर दिसताच त्यांच्या हातून तांब्या सुटला.

"अव माय! उतारा वापस आला! वर्षाली, हाकल तिले, हाकल!"

पण मला तहान लागली होती. मी कोणाकडे पाहिले नाही. थेट वृंदावनाच्या बुडाशी गेले. तुळशीच्या पाण्याचे तिथे रोज लहानसे डबके साचते. त्यात चोच घातली. मला पाहून बाकीच्या कोंबड्याही आल्या आणि नेहमीच्या सवयीने प्याल्या.

हाकलायला धावलेली वर्षाली जागच्या जागी थांबली.

"आई, औषध ठेवलं त्या दिवशी तुमी तुळशीले पाणी घातलं होतं?"

"घातलं. कोणत्या दिवशी घालत नाई मी?"

"मंग या सगळ्या इथंच पेल्या. औषधाले तोंडच नाई लावलं कोणी."

पार्बताबाई डबक्याकडे पाहत राहिल्या. जन्मभराचे व्रत त्यांचे. त्यातला थेंब अशा कामी आला असेल, हे त्यांना कसे मानवावे? "म्हणजे आता तुयस कोरडी ठेवू का मी?" त्या रागाने म्हणाल्या.

"तुयस कोरडी नका ठेवू. या बायांले कोंडून ठेवू," वर्षाली म्हणाली. "आन् आई, हिले राहू द्या. हिले अगोदर औषध देतो."

"ओवाळलेली हाय ते."

"पायानं चालत आली ना घरी. आता देवालेच नको असन ते."

पार्बताबाईंनी कोंबड्या झाकायचे डालगे आणले. मग माझ्या अंगावर ते त्यांनीच ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या कोंडलेल्याच राहिलो. औषधाचे पाणी कडवट होते. मी ते रागाने प्याले, शत्रूच्या घरात शिरावे तसे प्याले. बाहेर पार्बताबाई तुळशीला पाणी घालीत होत्या. धार ऐकू येत होती, पण पोचता येत नव्हते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पार्बताबाईंनी काडीने माझी विष्ठा उलटून पाहिली. पांढरे, बोटभर लांब, शेवयांसारखे जंत. त्यांनी पदर नाकाला लावला.

"हेच होय ते बाहेरचं," त्या हळूच म्हणाल्या.

"बाहेरचं नाई वो," वामनराव म्हणाले, "आतलं होतं."

कुजका भुसा जाळला. खुराड्यात चुना पडला, कोरडे तूस आले. दाणे आता पाटीत मिळतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे काही आठवड्यांनी औषध पुन्हा दिले, आणि त्यांनी सांगितले तितके दिवस अंडी कोणी खाल्ली नाहीत. मरून गेलेली तलंग मात्र कोणत्याही औषधाने परत आली नाही. तिच्याबद्दल मी कोणाला क्षमा केलेली नाही.

आज मी अंड्यांवर बसले आहे. परवा शेजारच्या मैनाबाई डोकावल्या. "हे तेच उताऱ्याची ना वो? हिच्या अंगाखालची पिल्लं कोण नेईन?"

"कोणी नेऊ नका," पार्बताबाई म्हणाल्या. "माह्याच अंगणात फिरतीन. आन् तुह्या कोंबळ्यायचा तुरा फिका पडला हाय मैना, ओवाळाच्या अगोदर त्यायच्या बुडाखाली पाह्य."

लोकहो, माझेही मागणे तेवढेच आहे. पीडा शिवेपलीकडे नेण्यापूर्वी ती कोठे आहे हे एकदा वाकून पाहा. आणि ओवाळलेच कोणाला, तर ध्यानात ठेवा, आम्हाला परतीची वाट ठाऊक असते.

ऐकणाऱ्या प्रत्येकाचे पोट निरोगी राहो, प्रत्येक घरची तुळस हिरवी राहो, कोणत्याही अंगणातला जीव दुखण्यापायी परका न होवो. तुमच्या दारी दाणे असोत, ते वेचणाऱ्या चोची असोत, आणि त्या चोचींत बसलेल्या नारायणाची तुम्हा सर्वांवर कृपा असो.