लाळेची गाठ श्वासनलिकेत

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगे घासली गेली आणि लाकडी पेटीत बसून मी पिंपरीच्या एका रुग्णालयात आलो. डॉक्टर योगिनी रोज सकाळी माझ्या नळ्यांना डोळे लावत. काचपट्टीवरचा काप कुठल्या अवयवाचा, हे मी चटकन ओळखतो, असा मला गर्व होता.

एकदा मात्र माझी मती गुंग झाली. पिंपळे गुरवच्या सरूबाईंना दोन वर्षे धाप लागत होती. दमा समजून पंप चालू होता, पण धाप काही हटेना. शेवटी दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा श्वासनलिकेत गाठ सापडली. तिचा तुकडा माझ्याखाली आला. पाहतो तर काय, चाळणीसारखी भोकाभोकांची नक्षी! अशी नक्षी मी फक्त लाळेच्या ग्रंथींतल्या गाठींत पाहिली होती.

डॉक्टरांनी माझे भिंग पुसले. पुन्हा पाहिले. पुन्हा पुसले.

"निरंजन, पट्ट्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

तंत्रज्ञ निरंजनने नोंदवही उघडली. "नाही मॅडम. नंबर सरूबाईंचाच आहे."

मग माझ्याच नजरेत खोट आली की काय? दोन दिवस डॉक्टर पुस्तके चाळत होत्या. त्यांनी नवे काप मागवले. नक्षी तीच!

सरूबाई मुलाला, रविराजला घेऊन आल्या. ही गाठ लाळेच्या ग्रंथींत होते तशी आहे, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले. "बाई, लाळ तोंडात आसती न्हवं? मग तिची गाठ नरड्यात कशी गेली?"

"आजी, तशाच बारीक ग्रंथी श्वासनलिकेतही असतात. तिथे अशी गाठ क्वचितच होते. हा कॅन्सर आहे, पण सावकाश वाढणारा. तेवढा भाग काढून नळी जोडता येईल."

"म्हंजी दमा न्हाई?"

"नाही."

हसावे की रडावे, सरूबाईंना कळेना. त्या पंप हातात उलटसुलट करत राहिल्या.

शस्त्रक्रिया झाली, किरणांचे उपचार झाले. पाच महिन्यांनी त्या दोन जिने चढून आल्या.

"गाठ पुन्हा येऊ शकते. तपासणी चुकवायची नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"व्हय, तपासायला येती की!"

पुढे काप पडद्यावर दाखवणारे नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. भिंगांवर बुरशी धरली आहे. मित्रांनो, जमले तर ती पुसा. आणि घरात कुणाचा आजार औषधाने हटत नसेल, तर "त्यांना सवयच आहे" असे म्हणू नका. त्यांना पुन्हा दाखवायला न्या. दोन वर्षे सरूबाईंच्या नरड्यात कुणीच का डोकावले नाही, हे मला अजूनही कळलेले नाही.