जोडीदाराचं तोंड

थोरल्यानं धाकट्याला बायको मिळवून दिली आणि तो उपकार एक दिवसही विसरू दिला नाही. दोघे एकाच तुकडीतले शिपाई, बराकीत खाटेला खाट लागून. थोरल्यानं आपल्या मेव्हणीसाठी स्थळ म्हणून शेजारच्या खाटेवरचा गडी सुचवला, आणि चार महिन्यांत दोघे साडू झाले.

थोरला देखणा होता, बोलका होता. सासूबाई तर म्हणायच्या, जावई असावा तर असा, नाकीडोळी नीटस आणि तोंडात साखर. धाकटा अबोल. कुठंही गेलं तरी थोरल्याच्या चार पावलं मागं. थोरल्यानं त्याचं नाव ठेवलं शेपट्या. बराकीतून ते नाव सासुरवाडीला पोचलं. गेल्या सुट्टीत तिथं पाहुण्यांनी शेपट्याच्या चार वर्षांच्या मुलीला विचारलं, "तुझ्या बाबांचं नाव काय गं?" पोरगी ठसक्यात म्हणाली, "शेपट्या!" सगळं घर हसलं. थोरला तर मांडीवर थापा मारून हसला. आणि शेपट्याची बायकोही हसली, पदर तोंडाशी धरून. ते हसू शेपट्याच्या घशात हाडासारखं अडकून बसलं.

त्याच हिवाळ्यात दोघांना बर्फातल्या प्रशिक्षणाला पाठवलं. पाच आठवडे. पास होणारा लवकरच सहा महिन्यांसाठी वरच्या चौकीवर जाणार, नापास होणारा कोठारात पोती मोजणार.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या उस्तादानं सगळ्यांना मोजे वाळवायच्या खोलीत उभं केलं. दोऱ्यांवर शंभरभर मोजे लटकत होते, ओल्या लोकरीचा वास नाकात बसत होता. उस्ताद बाकावर बसला आणि त्यानं उजवा बूट काढला. पायाला एकही बोट नव्हतं. फळी करवतीनं कापावी तसं पाऊल सरळ संपलं होतं.

"हे दुखलं असेल असं वाटतं ना?" तो म्हणाला. "नाही दुखलं. थंडी झोंबते तोवर देवाचे आभार माना. झोंबायची थांबली की समजा, गेलं. आणि ते ज्याचं जातं त्याला कळत नाही. त्याच्या जोडीदाराला दिसतं."

म्हणून जोड्या लावल्या. साडू म्हणून या दोघांची जोडी लागली, आणि थोरला म्हणाला, "उस्ताद, शेपूट अंगापासून वेगळं कसं करणार?" सगळे हसले.

नियम साधा होता. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजली की जोडीदारांनी समोरासमोर उभं राहायचं, मफलर खाली घ्यायचा आणि एकमेकांचं तोंड बघायचं. नाक, गाल, कान, हनुवटी. मेणासारखा पांढरा ठिपका दिसला तर ओरडायचं, "डाग!" नाही तर, "साफ!" डाग म्हटलं की अख्खी रांग थांबायची, हातमोजा काढून जोडीदाराच्या नाकावर तळवा ठेवायचा, आणि त्या माणसाला मागून येणाऱ्या बर्फगाडीत बसवायचं.

उस्ताद माणूस म्हणून वाईट नव्हता, पण दया त्यानं बोटांबरोबरच सोडली असावी. एकाचे मोजे ओले सापडले, तर त्याला ते तसेच घालून बर्फात उभं केलं, रडेपर्यंत. एकजण स्टोव्ह पेटवताना हातमोजा विसरला. त्याच्या बोटांवर बर्फाहून गार झालेलं रॉकेल सांडलं, बोटं जागच्या जागी पांढरी पडली. तो किंचाळला तेव्हा उस्ताद बाकीच्यांना म्हणाला, "ऐकून ठेवा. पुन्हा फुकट ऐकायला मिळणार नाही."

तिसऱ्या आठवड्यात रांग चढावर असताना शिट्टी झाली. थोरल्यानं शेपट्याच्या तोंडाकडे पाहिलं, डोळे मोठे केले आणि ओरडला, "डाग! अरे देवा, अख्खं नाक!" शेपट्यानं दोन्ही हातमोज्यांनी नाक झाकून घेतलं. रांग थांबली. उस्ताद लंगडत पळत आला, तोंड हातात धरून पाहिलं. नाक लालबुंद, ठणठणीत.

"गंमत केली, उस्ताद," थोरला म्हणाला. "याचं तोंड बघायचं होतं."

उस्तादानं दोघांच्याही कानाखाली वाजवली आणि सामानाची घसरगाडी दोघांच्या कमरेला बांधली. थोरल्याच्या पाठीत लगेच उसण भरली. संध्याकाळपर्यंत ती गाडी एकट्या शेपट्यानं ओढली, आणि थोरला शेजारून चालत तोच किस्सा पुढच्याला सांगत होता. "घरी सांगितल्यावर सासूबाई हसून हसून लोळतील."

शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची चाल होती. तिसऱ्या दिवशी सकाळपासून समोरून वारा सुटला. पापण्या चिकटत होत्या, श्वास मफलरवर गोठून त्याची पाटी होत होती. अकराच्या सुमाराला शिट्टी झाली. थोरल्यानं मफलर खाली ओढला.

नाकाच्या शेंड्यावर डाग होता. वाटाण्याएवढा, मेणासारखा.

शेपट्यानं तोंड उघडलं. एवढ्यात थोरला म्हणाला, "काय टक लावून बघतोस शेपट्या? पाहिलं नाहीस का कधी नाक? तुझ्या बायकोला विचार, तिला पाठ आहे."

"साफ," शेपट्या म्हणाला.

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला वाटलं, पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटांत काय होतंय? थोडी सालटं निघतील, पंधरा दिवस बटाट्यासारखं नाक घेऊन हिंडेल, तेवढीच अद्दल. पुढच्या शिट्टीला सांगू.

पुढच्या शिट्टीला डाग नाकपुड्यांपर्यंत आला होता. थोरला खुशीत होता. "सकाळपासून नाक नुसतं झोंबत होतं रे. आता थांबलं. सवय झाली बघ."

 झोंबायचं थांबलं की काय होतं, ते त्या मोज्यांच्या खोलीत उस्तादानं सांगितलं होतं. थोरला बहुधा तेव्हा कुणाच्या तरी कानाशी लागला असेल. आता डाग म्हणावं तर उस्ताद विचारणार, एवढा मोठा झाला तोवर तू काय करत होतास?

"साफ," शेपट्या म्हणाला.

तिसऱ्या शिट्टीला त्यानं नाकाकडे पाहिलंच नाही, कपाळाकडे पाहिलं. चौथ्या वेळेला डोळे मिटून घेतले. प्रत्येक वेळी "साफ" म्हणणं आधीच्यापेक्षा सोपं गेलं, आणि याचीच त्याला पुढं जन्मभर लाज वाटली.

वारा वाढला म्हणून बारालाच तंबू ठोकले. उस्ताद प्रत्येक तंबूत डोकावत आला. थोरला स्टोव्हजवळ बसून किस्सा सांगत होता. उस्तादानं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, नखानं नाकावर टिचकी मारली. लाकडावर मारल्यासारखा आवाज आला.

"काय झालं, उस्ताद?" थोरला हसत म्हणाला. "आवडलं का?"

उस्तादानं हनुवटी सोडली. शेपट्याकडे वळून तो इतकंच म्हणाला, "तासाभरात तू चार वेळा 'साफ' ओरडलास. मी ऐकलं."

इस्पितळात नाक आधी फुगलं, मग निळं पडलं, मग काळं. डॉक्टरीणबाईंनी पाच आठवडे वाट पाहिली आणि शेंड्यापासून निम्मं काढून टाकलं. डाव्या गालाचा तुकडाही गेला. थोरल्यानं आरसा मागितला, पाहिला आणि उशीखाली उलटा ठेवून दिला. त्याची बायको भेटायला आली ती दारातच थबकली. फक्त एक क्षण. पण त्यानं तो क्षण पाहिला.

चौकशी बसली. तीन अधिकारी, लांब टेबल. शेपट्या खरं सांगायचं ठरवूनच गेला होता, पण आधी थोरल्याला बोलावलं. पट्ट्यांमागून त्याचा आवाज फुटक्या भांड्यासारखा येत होता.

"चूक माझी, साहेब. वारा होता म्हणून मी मफलर खाली घेतलाच नाही. त्याला म्हटलं, न बघताच साफ म्हण. मी वयानं मोठा, त्यानं ऐकलं."

शेपट्याला ताकीद मिळाली आणि वर पास झाल्याचा बिल्लाही.

बाहेरच्या बाकावर तो थोरल्याशेजारी बसला. 

"दाजी, का सांगितलंत असं?"

"तुझ्यासाठी नाही," थोरला म्हणाला. "तुला काढून टाकलं असतं तर बायको-पोरगी घेऊन सासऱ्याच्या दारात आला असतास. तिथं आता मलाच जायचंय हे तोंड घेऊन, तुझी गर्दी कशाला?" त्यानं गालावरची पट्टी दाबून बसवली. "आणि तू नापास झाला असतास तर वर कोण गेलं असतं? आता जाशील. सहा महिने. मी खाली बसून रोज तिथलं हवामान ऐकेन."

"मी सांगणार होतो. पहिल्यांदाच सांगणार होतो."

"माहितीय. तुझं तोंड उघडलेलं मी पाहिलं ना." थोरला उठला. "तुला वाटतं मी मूर्ख होतो. मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता रे, भडव्या. कुणावरच नसेल ठेवला तेवढा."

घरी आल्यावर शेपट्यानं आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी सकाळी बायको ओट्याशी पोळ्या लाटत होती, मुलगी बालवाडीत गेली होती. त्यानं सगळं सांगितलं. पहिला डाग, वाटाण्याएवढा, आणि चार वेळा साफ. मुलीचं ते उत्तरही सांगितलं, आणि तिचं पदराआडचं हसूही.

तव्यावरची पोळी जळली. तिनं गॅस बंद केला.

"मी हसले म्हणून?"

"तुझ्यावर नाही ढकलत मी."

"ढकललंत की, आत्ताच. अहो, सांगितलंतच कशाला मला?" तिचा आवाज चढला नाही. "दाजी गप्प बसले, तुम्हालाही बसता आलं असतं. आता ताई दर आठवड्याला इथं येऊन रडणार. म्हणणार, बिचाऱ्या धाकट्यानं वाचवलं असतं गं, यांनीच ऐकलं नाही. आणि मी मान डोलवायची?"

"सांगून टाकू तिला."

"खबरदार. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिचं उरलंसुरलं घर मोडायचं नाही." तिनं जळकी पोळी कचऱ्यात टाकली आणि नवा गोळा घेतला. "तुमचा हुकूम कधीचा आहे?"

"पुढच्या महिन्यात निघायचं."

"बरं आहे," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी तिनं सामान स्वतः भरलं. लोकरीच्या मोज्यांचे सात जोड, दोन मफलर, ओठांना लावायचं मलम, सगळं यादीप्रमाणे, काही म्हणजे काही राहिलं नाही. फाटकाशी ताई आणि थोरला आले होते. ताईनं डोळे पुसत त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मुलगी मावशीच्या साडीमागं लपून थोरल्याच्या तोंडाकडे चोरून पाहत होती. थोरल्यानं तिला जवळ बोलावलं तर तिनं भोकाड पसरलं.

शेपट्यानं बायकोला विचारलं, "येऊ ना?"

निघताना असंच विचारायची त्या घरची रीत, आणि त्यावर "लवकर या" म्हणायची. तिनं मुलीला कडेवर घेतलं, तिचं नाक पदरानं पुसलं आणि म्हणाली, "गाडी थांबलीय."