जोतीरामभाऊजींची तसबीर

"आये, पावणं यायच्या आत ही तसबीर उतरवतो," असे म्हणून नागेश स्टुलावर चढलाही.

"खाली उतर."

तो उतरला. या घरात अजून माझा शब्द चालतो.

तसबीर माझ्या धाकट्या दिराची. मी लग्न होऊन वडगाव निंबाळकरला आले तेव्हा दारात मेंढरे होती आणि जोतीरामभाऊजी पोरसवदा होते. जन्मभर ते मोजकेच बोलले. कोणाच्या नजरेला नजर दिली नाही. मात्र पाहुणा आत आला, की उंबऱ्याशी बसून त्याच्या चपला जोडीने लावत. टाचा घराकडे, तोंडे रस्त्याकडे. लोक त्यांना वेडा म्हणत. पण आमच्या दारातून निघताना कोणालाही चप्पल शोधावी लागली नाही.

"सणसरची माणसं इचारतील, ह्यो कोण म्हणून," नागेश कुरकुरला. "पोरीचं जमत आलंय."

त्याची पोर वैष्णवी बारामतीला जीवशास्त्र शिकते. कप पुसता पुसता ती म्हणाली, "आजी, माणूस माकडापासनं वेगळा होताना मेंदूतल्या काही पेशी लई झपाट्यानं बदलल्या. त्यातनंच आपल्याला बोलणं, अक्कल आली असंल. अन् त्याच बदलातनं जोतीआबांसारखी माणसंबी घडत असतील, असं शास्त्रज्ञांना वाटतंय."

"म्हंजी तुझी अक्कल अन् त्यांचं गप बसणं एकाच चुलीवर शिजलं म्हण की!"

"तसंच समज."

पाहुणे आले. मुलाचे चुलते दत्तोबा पोहे खाता खाता भिंतीकडे बघू लागले.

"ह्ये कोण म्हनायचं?"

"लांबचं हायती..." नागेश चाचरला.

"माझं सख्खं दीर," मी म्हणाले. "बोलत नव्हतं, माणसांत मिसळत नव्हतं. लोक येडं म्हनायची. ह्याच घरातलं, ह्याच रक्ताचं."

दत्तोबांनी बशी खाली ठेवली. "असं व्हय. बरं, घरी बोलून कळवतो."

"कळवा. न्हाय कळवलं, तरी आमी समजून घेऊ."

इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या वैष्णवीने वर पाहिले.

पाहुणे उठले. त्यांच्या आधी मी दाराशी गेले, चौकट धरून उंबऱ्यावर बसले. चपला उलटसुलट पडल्या होत्या. भाऊजी गेल्यापासून त्या तशाच पडत. मी एकेक जोड लावू लागले.

"अवो आजी, तुमी कशाला?" दत्तोबा ओशाळले.

"आमच्या घरची रीत हाय."

शेवटचा जोड नागेशने माझ्या हातातून घेतला. टाचा घराकडे, तोंडे रस्त्याकडे.