रेणूच्या ताटाशेजारचा वजनकाटा

मी एक जुना वजनकाटा आहे. पोती तोलणारा नव्हे बरं का! घास तोलणारा, वीतभर लांबीचा. अंकुशनगरच्या, उसाच्या गाड्या तोलणाऱ्या ऊसकाट्यासमोर मला ठेवलं तर लोक पोट धरून हसतील. पण मित्रांनो, माझी ऐट काही त्याच्याहून कमी नव्हती.

मला बनवणाऱ्या कारखान्यातून मी थेट एका संशोधनात आलो. काही मुलांना स्नायू हळूहळू दुबळे करणारा दुर्मीळ आजार असतो. त्यांना घास चावतानाही दम लागतो. अशा मुलांना काय आणि किती खायला द्यावं, हे शोधायचं होतं. आहारतज्ज्ञ ज्योत्स्नाताईंनी मला धावडा या गावी राधाकिसनच्या घरी नेलं. त्याच्या नऊ वर्षांच्या रेणूला हाच आजार होता. तिच्या आईनं, आशाबाईनं, वाढलेलं अन्न माझ्यावर मोजायचं, जेवण झाल्यावर उरलेलं मोजायचं आणि दोन्ही वहीत लिहायचं, असं ठरलं.

रेणूला जेवायला तासभर लागे. बराच वेळ कुणी हात लावला नाही की माझा दिवा आपोआप विझतो. मग ती मला बोटानं टोचायची. "ए, झोपला का रे? माझं जेवण व्हायचंय अजून!" तिचं ते हलकं बोट मला फार आवडायचं.

वहीत मात्र रोज एकच नोंद, उरलेलं शून्य. आणि दर महिन्याला दवाखान्यात रेणूचं वजन घटलेलं. ताई चक्रावल्या. पोटभर खाऊनही पोर वाळते, म्हणजे हा आहार कुचकामी, असंच ठरणार होतं. मला सगळं ठाऊक होतं, पण मला वाचा कुठली?

शेवटी ताई स्वतःच जेवणाच्या वेळी येऊन बसल्या. रेणूनं ताट पुढे सरकवलं. आशाबाईनं सवयीनं उरलेला दूधभाकरीचा काला दोन घासांत संपवला आणि पेन उचललं.

"आशाबाई, ते मोजायचं होतं ना!"

"उष्टं फेकू कसं मंग? लेकराचं उरलेलं मायच खाती की," ती हसत म्हणाली. मग तिनं पेन खाली ठेवलं. "खरं सांगू ताई? खाल्लं न्हाई, असं लिव्हायला हातच उचलत न्हाई. शून्य लिव्हलं की वाटतं, पोरगी बराबर खाऊन राह्यली."

ताई रागावणार होत्या, पण त्यांचेच डोळे भरून आले. "खरं लिहिलंत तरच मला तिचं जेवण बदलता येईल हो."

त्या संध्याकाळी उरलेला काला पहिल्यांदा माझ्यावर आला. सत्तर ग्रॅम. एवढं जड काही मी कधी पेललं नव्हतं. आशाबाईनं डोळे पुसत आकडा लिहिला. मग रेणूचं जेवण बदललं. थोडं थोडं, दिवसातून पाचदा, मऊ, तूप आणि दाण्याचं बारीक कूट घातलेलं. तीन महिन्यांनी वजन घटायचं थांबलं. आजार काही गेला नाही, पण पोरगी पुन्हा मला दम देऊ लागली.

संशोधन संपलं आणि मी शहरातल्या कपाटात आलो. माझ्यातले सेलही काढून घेतले आहेत. रेणूची फार आठवण येते. शाळेत खिचडी मिळाली की मुलं भराभर खाऊन खेळायला पळायची, ती एकटीच ताटाशी उरायची. घरी येऊन मला म्हणायची, "तू बरा, थांबतो तरी."

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी सावकाश जेवत असेल, तर त्याचा शेवटचा घास होईपर्यंत शेजारी बसा. मला तेवढंच जमत होतं, आणि आज ते करायला मी तिथे नाही.