परीक्षेचं सोवळं

बढतीच्या विभागीय परीक्षेला बसायची देविकाची ही शेवटची संधी होती. यंदा हुकली तर निवृत्तीपर्यंत तेच टेबल, आणि तिच्यामागून नोकरीला लागलेली पोरं साहेब होऊन तिलाच फाइली आणायला सांगणार.

घरी अभ्यास होत नव्हता. हिंदी मुलखातल्या त्या शहरात बडा बाजाराच्या मागच्या गल्लीतलं घर, दाराशी सकाळपासून कुणी ना कुणी. त्यात नवरा, आशिष, मोजे कुठे आहेत एवढं विचारायलाही तिला हाक मारायचा. तिने फोन बंद करून कपाटात टाकला. वेळेचं कोष्टक आखून भिंतीला लावलं. ते कुणी वाचलंसुद्धा नाही.

उपाय सासूबाईंनी काढला.

"पूजेला बसलेल्या बाईला कुणी हाक मारतं का?" अनुसूयाबाई म्हणाल्या. "आंघोळ करून देवघरात बस, दार लाव. मी सांगते सगळ्यांना, सोवळ्यात आहे म्हणून."

"आई, मला पेन्शनचे नियम वाचायचेत. पोथी नाही."

"देव काय तपासायला येतोय? बस."

आशिष हसला. "वा! सोवळ्यातली बाबू!" पण तोही दाराशी येऊन थबकायला लागला. दूधवाला "बहूजी" म्हणून ओरडला की अनुसूयाबाई ओठावर बोट ठेवत. "भैया, बहू पूजा में है।" तो कॅन हळूच खाली ठेवायचा.

परीक्षा जवळ आली तशी देविकाने रजा घेतली. अनुसूयाबाईंनी सोवळं वाढवलं. सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत. देविकाने एक सवय लावून घेतली होती. मन भरकटलं की समासात एक रेघ ओढायची आणि परत ओळीवर यायचं. सुरुवातीला समास रेघांनी भरून जात. आता पानंच्या पानं कोरी राहू लागली.

त्या दिवशी बाहेर काहीतरी पडलं. तांब्या असावा. मग काहीतरी सरपटल्यासारखं वाजलं. देविकाने एक रेघ ओढली आणि पुढचा नियम वाचायला घेतला.

दुपारी तिने दार उघडलं, तर अनुसूयाबाई उंबऱ्यापलीकडे पडलेल्या. तोंड एका बाजूला ओघळलेलं, डोळे उघडे. स्वयंपाकघरापासून तिथपर्यंत फरशीवर पाण्याचा ओघळ होता. दार हाताच्या अंतरावर होतं. त्यांनी ते वाजवलं नव्हतं.

"कब गिरीं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पता नहीं," देविका म्हणाली.

"घर में कोई नहीं था?"

"मैं थी।"

डॉक्टरांनी वर पाहिलं, मग पुन्हा कागदात पाहिलं. लकव्याचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, म्हणाले. आता उपयोग नाही.

अनुसूयाबाई जगल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

"तुला काहीच ऐकू आलं नाही?" आशिषने विचारलं.

"आलं."

त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला.

परीक्षा द्यायची नाही, असं देविकाने ठरवलं. पण ती पेज भरवायला बसली की अनुसूयाबाई डाव्या हाताने चमचा दूर सारत आणि देवघराकडे बोट दाखवत. ती उठून जाईपर्यंत तोंड उघडत नसत. शेवटी आशिषची कमलआत्या येऊन भरवू लागली. देविका दार उघडं ठेवून वाचायला बसली. खाट करकरली तरी तिची मान वर व्हायची. एका पानावर तिची सकाळ गेली. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच उठून दार लावलं.

परीक्षा सिव्हिल लाइन्समधल्या केंद्रावर होती. पेपर हातात आला आणि तिने लिहायला सुरुवात केली. शेवटची घंटा झाली तेव्हा एकही प्रश्न राहिला नव्हता. रिक्षा निघाल्यावर तिच्या लक्षात आलं, इतका वेळ सासूबाईंची एकदाही आठवण झाली नाही. चालकाला तिने रिक्षा बाजूला घ्यायला सांगितली.

घरी आली तेव्हा आशिष आईची कूस बदलत होता. अनुसूयाबाईंची नजर तिच्यावरच होती.

"पेपर चांगला गेला, आई."

चेहऱ्याची डावी बाजू हसली. आशिषने उशी नीट केली, चपला घातल्या आणि तो बाहेर निघून गेला.