बोअर कुठं घ्यायचा

धावडा गावात धुळाजीच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला, की तिथं पाणी लागणारच असं लोक म्हणायचे. पण दोन वर्षांमागं शेजारच्या रानातल्या काकासाहेबांनी त्याच्या शब्दावर बोअर घेतला आणि नुसता धुरळा निघाला. काकासाहेबांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी बोलणंच टाकलं. बांधाला बांध लागून, पण रामराम बंद. धुळाजीनं त्या दिवसापासून नारळ फक्त देवीपुढं फोडायला हातात घेतला.

लेक रेणुका पुण्याहून सुट्टीला आली, तेव्हा कुठं त्याला उभारी आली. पोरीचं शिक्षणच तसलं होतं. आरसे जडवलेल्या गोल उपग्रहावर जमिनीवरून लेझर मारायचा, तो परतायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून पृथ्वीची ओढ कुठं वाढली, कुठं घटली ते काढायचं. बर्फ वितळलं, पाणी इकडचं तिकडं झालं की ओढ बदलते, असं तिनं समजावलं. धुळाजीनं त्यातलं पाणी तेवढं उचललं आणि पारावर ठोकून दिलं, की आमची रेणुका वरून पाणी बघते.

दुसऱ्याच दिवशी काकासाहेब अंगणात हजर. धुळाजीकडं न बघता म्हणाले, "पोरी, नवा बोअर घ्यायचाय. जागा दाखव."

पोरीनं कुठंतरी बोट दाखवावं आणि आपल्यावरचा डाग धुऊन निघावा, एवढंच धुळाजीच्या मनात होतं. खरं-खोटं मागाहून बघता आलं असतं.

"न्हाई सांगता येत, काका," रेणुका म्हणाली. "आमच्या मोजणीत आख्ख्या देशाएवढा मुलूख एकदम दिसतो. त्यात आपला जिल्हा येगळा निघत न्हाई, मंग तुमचं रान कुठून निघावं?"

"एवढा लेझर मारून बी न्हाई?"

"बिलकुल न्हाई. मी जागा दाखवली तर ते खोटं व्हईल."

धुळाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाची अब्रू गेलीच होती, आता लेकीचीही गेली. त्याची बायको सुगंधाबाई दारात पदर चावत उभी राहिली.

काकासाहेब सावकाश धुळाजीकडं वळले.

"एवढ्या शिकल्या पोरीला आभाळातून दिसत न्हाई म्हंती. अन् मी तुह्या नारळावर दोन वर्षं रुसून बसलो. माहंच चुकलं गड्या."

धुळाजीच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे भरून आले ते त्यानं लपवलेही नाहीत. काकासाहेब ओसरीवर ऐसपैस बसले आणि त्यांनी सुगंधाबाईला चहा टाकायला सांगितला.

"आता तूच सांग धुळाजी, बोअर कुठं घेऊ?"

धुळाजीनं एकदा लेकीकडं बघितलं.

"न्हाई सांगता येत, काकासाहेब," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं असं कबूल केलं होतं, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो आपला आपणच हसायला लागला.